कवी गेला, चाल राहिली

१९३२ सालच्या नोव्हेंबरात, रशियन क्रांतीच्या पंधराव्या वर्धापनदिनी, सोव्हिएत संघात एक बोलपट झळकला. त्याचं नाव ‘व्स्त्रेच्नी’. सरकारने कारखान्याला उत्पादनाचं लक्ष्य द्यावं आणि कामगारांनी त्याहून मोठं लक्ष्य आपणहून पुढे करावं, तर त्या उलट्या योजनेला हा शब्द. चित्रपट लेनिनग्राडच्या कारखान्यातल्या कामगारांचा. आज तो कुणी मुद्दाम शोधून पाहील असं वाटत नाही, पण त्यातलं एक गाणं देशभर झालं. पहाट झालीय, नदीवरून गार वारा येतोय, कारखान्याचा भोंगा वाजतोय आणि आपल्या माणसाला झोपेतून उठवायचंय, एवढाच त्याचा विषय. चाल अशी की एकदा ऐकली की दिवसभर तोंडात राहावी. ती बांधणारा तरुण तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, द्मित्री शोस्ताकोविच. शब्द लिहिणारा बोरिस कोर्निलोव त्याच्याहून वर्षभराने लहान.

कोर्निलोवला १९३७ मध्ये अटक झाली आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये लेनिनग्राडमध्येच गोळी घालण्यात आली. गाणं बंद करणं शक्य नव्हतं, ते लोकांच्या ओठांवर होतं. मग कवीचं नाव काढून टाकलं. गाणं वाजत राहिलं, संगीतकाराचं नाव राहिलं आणि शब्द ‘लोकगीत’ म्हणून खपवले जाऊ लागले.

आपण ‘देशभक्तिपर संगीत’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात सरळ चित्र उभं राहतं. राज्य परक्याचं, गाणं आपलं. गाणाऱ्याला तुरुंगात जावं लागलं तर ते गाण्यामुळे, गाणं परक्या सत्तेच्या विरोधात असल्यामुळे. पलुस्करांपासून प्रभातफेऱ्यांपर्यंत आपली सगळी आठवण या एका साच्यातली आहे. स्टालिनच्या राज्यात हा साचा कामाचा नाही. तिथे देशभक्तीचं संगीत मागणारा आणि संगीतकाराच्या मित्रांना मध्यरात्री उचलून नेणारा एकच. बरं, देश तर खोटा नव्हता. नदी, पहाट, आईची भाषा, शत्रूने वेढलेलं शहर, सगळं खरं होतं. म्हणून ‘हे संगीत मनापासून होतं की भीतीपोटी?’ हा नेहमीचा प्रश्न मला अपुरा वाटतो. दोन्ही एकाच स्वरात असू शकतात, आणि तसे ते होते असं माझं मत आहे.

शोस्ताकोविचचा पहिला मोठा फटका सगळ्यांना माहीत आहे. २६ जानेवारी १९३६ रोजी स्टालिन मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहात त्याचा ‘लेडी मॅकबेथ ऑफ म्त्सेन्स्क’ हा ऑपेरा पाहायला आला आणि तो संपायच्या आत उठून गेला. दोन दिवसांनी ‘प्रावदा’त बिनसहीचा लेख आला. मथळ्याचा अर्थ ‘संगीताऐवजी गोंधळ’. (मराठी माणसाला यात एक वेगळीच गंमत दिसते. आपल्याकडे गोंधळ हेच मुळी संगीत आहे, आणि तेही देवीसमोरचं.) लेखात रचनेची टवाळी होती, आणि हा खेळ वाईट ठिकाणी जाऊन संपू शकतो अशी उघड धमकीही. दोन वर्षं धो-धो चाललेला ऑपेरा बंद पडला. त्याच वर्षाअखेर शोस्ताकोविचने आपली चौथी सिंफनी तालमी सुरू असताना मागे घेतली. ती ऐकायला जगाला १९६१ साल उजाडावं लागलं.

पुढचं वर्ष १९३७. त्याचा आश्रयदाता आणि हौशी व्हायोलिनवादक असलेला मार्शल तुखाचेव्स्की जूनमध्ये गोळीला बळी पडला. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत, सरकारी कागदपत्रांप्रमाणेच, सुमारे सहा लाख ऐंशी हजार माणसांना देहदंड दिला गेला. अशा वर्षाच्या २१ नोव्हेंबरला लेनिनग्राडमध्ये येवगेनी म्राविन्स्कीने पाचवी सिंफनी वाजवली. तिसऱ्या, संथ भागात सभागृहातली माणसं रडत होती असं उपस्थितांनी लिहून ठेवलं आहे. शेवटी टाळ्यांचा कडकडाट थांबेना.

सिंफनीत शब्द नसतात. आपल्याकडे बंदिशीला निदान एक ओळ असते आणि त्या ओळीत कृष्ण असतो किंवा सासू-नणंद. इथे तेही नाही. ज्यांच्या घरातला कुणीतरी नेला गेला होता त्यांना मोठ्याने रडण्याची मुभा नव्हती, कारण लोकशत्रूसाठी रडणारा स्वतः संशयित. त्या संध्याकाळी मात्र संगीतासाठी रडता येत होतं. शेवटचा भाग विजयाचा, डी मेजरमधला, तुताऱ्या आणि पडघमांचा. सरकारला तो आशावादी वाटला. ऐकणाऱ्यांना काय वाटलं यावर आजही वाद आहे. संचालक तो जलद वाजवतो की संथ, यावर अर्थ बदलतो. बर्नस्टाइनच्या हातात तो धावत सुटतो आणि खरोखर विजय वाटतो. रशियन संचालक तो ओढून वाजवतात, आणि मग तोच एक स्वर पुन्हापुन्हा ठोकला जाताना कुणीतरी पाठीवर काठी मारत ‘आनंदी हो, आनंदी हो’ म्हणतंय असं वाटतं. मी स्वतः दुसऱ्या पंगतीतला आहे. पण स्वरलिपीत दोन्हींना जागा आहे हे मान्य करावं लागतं, आणि त्या जागेमुळेच शोस्ताकोविच जगला असावा.

प्रोकोफिएवची गोष्ट वेगळी. तो पॅरिसमध्ये नाव कमावून, १९३६ मध्ये बायकामुलांसह आपणहून मायदेशी परतला होता. १९३८ मध्ये त्याने आयझेनस्टाइनच्या ‘अलेक्झांडर नेव्स्की’ला संगीत दिलं. तेराव्या शतकातल्या एका रशियन राजाने बर्फावरच्या लढाईत जर्मन सरदारांना धूळ चारल्याची ती कथा. भर उन्हाळ्यात खोटा बर्फ अंथरून लढाई चित्रित केली आणि तरी ऐकताना हाडं गारठतात. त्याला मी निखळ देशभक्तीचं संगीत म्हणेन. मेलेल्यांमध्ये आपल्या माणसाला शोधत फिरणाऱ्या एका बाईचं जे गाणं त्यात आहे, त्यासाठी प्रोकोफिएवला बाकी काही लिहिलं नसतं तरी चाललं असतं. पण ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिनने हिटलरशी करार केला आणि जर्मनांना बडवणारा चित्रपट चित्रपटगृहांतून गायब झाला. इतकंच नाही, पुढल्या वर्षी त्याच आयझेनस्टाइनला बोल्शॉयमध्ये वाग्नरचा ‘वाल्क्यूर’ बसवायला सांगण्यात आलं. २२ जून १९४१ रोजी हिटलरने हल्ला केला आणि ‘नेव्स्की’ पुन्हा पडद्यावर आला. १९४२ मध्ये नेव्स्कीच्या नावाचं लष्करी पदक निघालं. राजाचं खरं चित्र उपलब्ध नसल्याने पदकावर चित्रपटातल्या नटाचा चेहरा कोरला गेला. देशभक्तीला तारीख असते, ती अशी.

१९३९ चं प्रोकोफिएवचं वर्ष मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत अवघड पान वाटतं. त्याचा ‘सेम्योन कोत्को’ हा ऑपेरा थोर दिग्दर्शक मेयरहोल्ड बसवत होता. जूनमध्ये मेयरहोल्डला अटक झाली. काही आठवड्यांत त्याच्या बायकोला तिच्याच घरात भोसकून मारलं गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीला, डिसेंबरात, स्टालिनच्या साठाव्या वाढदिवसासाठी प्रोकोफिएवने ‘ज्द्राविचा’ ही गौरवगीताची रचना सादर केली. मेयरहोल्ड तेव्हा कोठडीत होता, फेब्रुवारी १९४० मध्ये त्याला गोळी घातली. ‘ज्द्राविचा’ वाईट असती तर आपलं काम सोपं झालं असतं. ती सुंदर आहे. सुरुवातीची ती रुंद, सावकाश उलगडणारी चाल ऐकताना शब्द कळत नसतील तर ही शेतांवरची सकाळ आहे असंच वाटेल. शब्द कळले की कानात बोटं घालावीशी वाटतात. मी ती रचना शब्द न वाचता ऐकतो. हा पळपुटेपणा आहे का, ठाऊक नाही, पण दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आता लेनिनग्राड. सप्टेंबर १९४१ मध्ये शहराला वेढा पडला. शोस्ताकोविच सैन्यात भरती व्हायला गेला होता, डोळे अधू म्हणून नाकारला गेला. मग संगीतशाळेच्या अग्निशामक दलात. लोखंडी टोप घालून छपरावर उभा असलेला त्याचा फोटो जगभर गेला आणि पुढे ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्याच टोपातलं चित्र छापलं गेलं. सातवी सिंफनी त्याने लेनिनग्राडमध्येच सुरू केली. ऑक्टोबरात त्याला विमानाने बाहेर काढलं आणि कुइबिशेवला डिसेंबर अखेरीस ती पुरी झाली. मार्च १९४२ मध्ये तिथेच पहिला प्रयोग. मग स्वरलिपीची सूक्ष्म छायाचित्रं तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेला पोहोचली, आणि जुलैत तोस्कानिनीने ती नभोवाणीवरून वाजवली.

शहरात मागे राहिलेल्यांना ती कशी मिळाली, याची गोष्ट जास्त मोलाची. पहिल्या हिवाळ्यात सर्वांत कमी शिधा होता दिवसाला १२५ ग्रॅम पाव, आणि त्या पावात सगळं पीठच असायचं असंही नाही. नामवंत फिलहार्मोनिक वाद्यवृंद आधीच सुरक्षित जागी हलवलेला. शहरात उरला होता तो नभोवाणीचा वाद्यवृंद आणि त्याचा संचालक कार्ल एलियासबर्ग. तालमीला बोलावलं तर पंधरा-एक माणसं येऊ शकली. पहिली तालीम पाव तासात आटोपली, फुंकवाद्यं वाजवायला छातीत वारा नव्हता. वादकांना जादा शिधा दिला गेला, सैन्यातून वादक मागवले गेले. तालमींच्या काळातही काही जण उपासमारीने गेले. ९ ऑगस्ट १९४२ च्या संध्याकाळी फिलहार्मोनिकच्या सभागृहात सिंफनी झाली. जर्मन तोफांनी व्यत्यय आणू नये म्हणून आधीच सोव्हिएत तोफखान्याने त्यांच्या मोर्चांवर मारा केला होता. ध्वनिवर्धकांवरून सिंफनी शहरभर आणि शत्रूच्या खंदकांपर्यंत ऐकू गेली.

त्या सिंफनीच्या पहिल्या भागात ताशासारखा एक छोटा ड्रम खडखडायला लागतो आणि त्यावर एक पोरकट, शिट्टी घातल्यासारखी चाल येते. तीच पुन्हा, तीच पुन्हा, दर खेपेला जास्त वाद्यांनिशी, शेवटी राक्षसी होईपर्यंत. सगळ्यांनी हे नाझी सैन्याचं आगमन म्हणून ऐकलं. बार्टोकला ती इतकी बाळबोध वाटली की त्याने आपल्या रचनेत तिची टिंगल केली असं सांगतात. संगीतकार म्हणून बार्टोक मला अधिक प्रिय आहे, पण तो वेढ्यात नव्हता. शोस्ताकोविचच्या मनात हिटलरबरोबर आणखी कुणी होतं का, यावर १९७९ मध्ये सोलोमन वोल्कोवने शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकानंतर बरीच शाई खर्च झाली. त्या पुस्तकाच्या खरेपणाबद्दल लॉरेल फे यांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, म्हणून मी त्याचा आधार घेत नाही. तशी गरजही नाही. छपरावर उभा असलेला माणूस १९३७ विसरला असेल असं मानायला कुठलंच कारण नाही.

ज्या नभोवाणी केंद्राचा हा वाद्यवृंद होता, त्याच केंद्रावरून वेढ्याच्या काळात एका बाईचा आवाज शहर ऐकत होतं. ओल्गा बेर्गोल्ट्स. कविता वाचायची, लोकांना धीर द्यायची. ही कोर्निलोवची पहिली बायको. काडीमोड फार आधी झाला होता, पण डिसेंबर १९३८ मध्ये तिलाही अटक झाली. ती गरोदर होती, कोठडीत मूल गेलं. जुलै १९३९ मध्ये सुटली. वेढ्याच्या पहिल्याच हिवाळ्यात तिचा दुसरा नवरा उपासमारीने वारला. आणि हीच बाई माइकसमोर बसून शहराला सांगत होती की टिकून राहा. तिच्या देशभक्तीला भीतीपोटीची म्हणण्याची हिंमत कुणात आहे? आणि तिला राज्यकर्त्यांवरचं प्रेम म्हणण्याची तरी?

त्या वर्षांत रशियाची लढाई दूरदूरवर गायली जात होती. आपल्या अण्णाभाऊ साठ्यांनी मुंबईत ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला आणि गिरणगावातल्या माणसांनी डफाच्या ठेक्यावर व्होल्गाकाठचं शौर्य ऐकलं. अण्णाभाऊंना कोर्निलोव किंवा मेयरहोल्ड ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं. पवाड्यातलं स्टालिनग्राड खरंच होतं. कोर्निलोवचं पहाटगाणंही सीमा ओलांडून गेलं होतं. अमेरिकेत त्याच चालीवर नवे इंग्रजी शब्द बसवून मित्रराष्ट्रांचं गीत झालं, आणि १९४३ च्या ‘थाउजंड्स चीअर’ या हॉलिवूडच्या चित्रपटात ते शेवटाला वाजलं. लेनिनग्राडच्या कवीचं नाव तिथेही नव्हतं.

युद्ध जिंकत आल्यावर स्टालिनला नवं राष्ट्रगीत हवं झालं. तोवर ‘इंटरनॅशनल’ चाले. १९४३ मध्ये स्पर्धा झाली, शोस्ताकोविच आणि खाचातुर्यान यांना मिळून एक चाल करायला लावली, आणि शेवटी निवड झाली अलेक्झांद्रोवच्या जुन्या, पक्षगीताच्या चालीची. आपल्याकडे मास्तर कृष्णरावांनी ‘वंदे मातरम्’च्या चालीसाठी दिल्लीपर्यंत खेटे घातले, वाद्यवृंदावर वाजवून दाखवलं, तरी निवड दुसऱ्याच गीताची झाली. हरणं दोघांच्याही वाट्याला आलं. पण मास्तरांना हरून सुखाने घरी येता आलं.

१९४५ मध्ये सगळ्यांना शोस्ताकोविचकडून भव्य विजयी सिंफनी हवी होती. नववी, म्हणजे बेथोवनच्या नवव्यासारखी, कोरस वगैरे घालून. त्याने दिली पंचवीस मिनिटांची, जवळजवळ विनोदी, सर्कशीतल्या बँडसारखी चीज. याची किंमत पुढे वसूल झाली. १० फेब्रुवारी १९४८ च्या पक्षाच्या ठरावात शोस्ताकोविच, प्रोकोफिएव, खाचातुर्यान, म्यास्कोव्स्की हे सगळे ‘फॉर्मालिस्ट’ ठरले. फॉर्मालिस्ट म्हणजे काय, हे नेमकं कुणालाच सांगता येत नव्हतं आणि तीच त्या शब्दाची ताकद होती. युद्धातली आठवी सिंफनी कार्यक्रमांतून गेली. शोस्ताकोविचच्या दोन्ही संगीतशाळांतल्या नोकऱ्या गेल्या. त्याच महिन्यात प्रोकोफिएवची पहिली बायको लीना हिला अटक झाली, वीस वर्षांची शिक्षा लागली. ती १९५६ मध्ये सुटली. पुढच्या वर्षी लेनिनग्राडच्या नेत्यांवरच गंडांतर आलं आणि वेढ्याचं संग्रहालयही बंद करण्यात आलं. शहराने सोसलेलं आठवणं, हीसुद्धा आता जादा देशभक्ती ठरली होती.

मार्च १९४९ मध्ये स्टालिनने शोस्ताकोविचला फोन केला आणि शांतता परिषदेसाठी न्यूयॉर्कला जायला सांगितलं. माझ्या रचना मायदेशात वाजवायला बंदी असताना मी तिथे काय तोंड दाखवू, असं शोस्ताकोविच म्हणाला. अशी बंदी आहे हे आपल्याला माहीतच नाही, असा आव स्टालिनने आणला, आणि बंदी उठली. न्यूयॉर्कला एका देशोधडीला लागलेल्या रशियन संगीतकाराने त्याला भर सभेत विचारलं, स्त्राविन्स्कीवर ‘प्रावदा’ने केलेली टीका तुम्हाला मान्य आहे का? शोस्ताकोविचने हो म्हटलं. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक होतं आणि ते दुसरं असू शकत नाही हेही. ज्याचं घर सुरक्षित आहे त्याने दुसऱ्याला धैर्याची परीक्षा देण्यास लावणं, हे मला त्या ‘हो’पेक्षा जास्त खटकतं.

परत आल्यावर त्याने ‘जंगलांचं गाणं’ लिहिलं. स्टालिनच्या वृक्षलागवडीच्या योजनेवरची ती रचना. शब्द दोल्मातोव्स्कीचे. त्याला स्टालिन पारितोषिक मिळालं, म्हणजे लाखभर रूबल, आणि घर चाललं. त्याच काळात टेबलाच्या खणात त्याचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि ज्यू लोककवितांवरची गीतमाला पडून होती. दोन्ही १९५५ मध्ये, स्टालिन मेल्यावर, सभागृहात आली. आणखी खोल खणात एक विनोदी रचना होती. तिच्यात त्या ठरावाची आणि भाषणबाज नेत्यांची टर उडवली होती, तीही स्टालिनच्या लाडक्या जॉर्जियन गाण्याची चाल वापरून. ती १९८९ मध्ये वॉशिंग्टनला प्रथम जाहीरपणे गायली गेली, तोवर शोस्ताकोविच जाऊन चौदा वर्षं झाली होती. सकाळी खणाच्या वरचं आणि रात्री खणाच्या आतलं लिहिणारा हात एकच होता. खणातलं तेवढं खरं आणि वरचं सगळं खोटं, अशी वाटणी करण्याचा मोह होतो. ‘जंगलांचं गाणं’ ऐकलं की मुलांच्या कोरसपाशी ती वाटणी डळमळते. झाडं लावणाऱ्या मुलांबद्दल त्याला खोटं लिहिता आलेलं नाही.

प्रोकोफिएव ५ मार्च १९५३ रोजी, स्टालिनच्याच दिवशी, वारला. शहर स्टालिनसाठी इतकं तुंबलं होतं की त्याची शवपेटी घरातून बाहेर काढणं अवघड झालं.

त्यानंतर शब्दांची साफसफाई सुरू झाली. ‘ज्द्राविचा’ आणि ‘जंगलांचं गाणं’ यांतून स्टालिनचं नाव काढून नवे शब्द बसवले गेले. चाली तशाच. राष्ट्रगीतात त्याचं नाव होतं म्हणून ते १९७७ पर्यंत सुमारे वीस वर्षं नुसतंच वाजवलं जाई. उभे राहून माणसं तोंड मिटून ऐकत. मग मूळ गीतकारांपैकी मिखाल्कोवनेच शब्द सुधारून दिले. सोव्हिएत संघ बुडाल्यावर, २००० मध्ये पुतिनच्या काळात ती चाल परत आली, तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या मिखाल्कोवने तिसऱ्यांदा लिहून दिले. कोर्निलोवचं नाव मात्र शब्द न बदलता, १९५७ मध्ये निर्दोष ठरल्यावर, हळूहळू त्याच्या गाण्यावर परत छापलं जाऊ लागलं.

जानेवारी १९५९ मध्ये मॉस्कोत शोस्ताकोविचची एक हलकीफुलकी ऑपेरेटा रंगभूमीवर आली, ‘मॉस्को, चेर्योमुश्की’. नव्या वसाहतीत फ्लॅट मिळवण्याच्या लोकांच्या धडपडीवरची. तिच्यात, खोल्यांच्या किल्ल्या आणि वशिलेबाज अधिकारी यांच्या मधेच, सत्तावीस वर्षांपूर्वीची ती पहाटेची चाल येते. शब्द दुसऱ्याच कुणाचे.